संग्रहालयातील देव आणि आपले कर्तव्य

संग्रहालयातील प्रदर्शनाची मांडणी हा विषय सकृद्दर्शनी सुतार, रंगारी आणि वीजकामगार यांच्या कक्षेतला वाटतो. चौथरा किती उंच असावा, दिव्याचा झोत कोणत्या बाजूने पडावा, ओळखपाटीवर काय लिहावे, हे प्रश्न सोयीचे आणि सौंदर्याचे मानले जातात. मांडावयाची वस्तू नाणे किंवा मातीचे भांडे असेल तोवर हे बहुतांशी खरेही आहे. परंतु ती वस्तू देवमूर्ती असली म्हणजे याच प्रश्नांना नीतीचे स्वरूप येते. जिच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी नवस बोलले, तिला केवळ पाहण्याची वस्तू करण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या अटींवर, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रथम फरक कोठे पडतो ते पाहू. देवळात देव गाभाऱ्याच्या मंद उजेडात असतो. वस्त्रे, अलंकार आणि फुले यांतून मुख व हात तेवढे दिसतात. आपण देवाकडे पाहतो तसा देवही आपल्याकडे पाहतो, ही दर्शनामागील भावना होय. संग्रहालयात तीच मूर्ती वस्त्रालंकारांविना प्रखर प्रकाशात उभी असते; पाठ भिंतीला टेकलेली असल्याने प्रदक्षिणेस वाट नसते; आणि ओळखपाटी धातू, शतक व राजवंश सांगून थांबते. यांतील एकही गोष्ट असत्य नाही. पण त्या सर्व मिळून एक मत सांगून जातात, की ही शिल्पकाराची कृती आहे आणि याहून अधिक काही नाही. मत न सांगणारी मांडणी असूच शकत नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे मांडणी करणाऱ्याचे उत्तरदायित्वही मान्य करावे लागते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की शास्त्राप्रमाणे मूर्तीत देवत्व प्राणप्रतिष्ठेने येते आणि विसर्जनाने जाते. भंगलेली मूर्ती आपणच पाण्यात सोडतो. मग संग्रहालयातील मूर्तीचा एवढा विचार कशाला? आक्षेप वजनदार आहे. परंतु विसर्जन हा विधी आहे. तो देवाची क्षमा मागून आणि त्याचा निरोप घेऊन केला जातो. स्थलांतराचेही तसेच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे मोडण्यास आरंभ केला, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा भक्तांनी अंत्रुज महालात नेली. गाव सुटले, पण देव आणि भक्त यांचे नाते सुटले नाही. चोराने उपटून नेलेल्या मूर्तीचा असा निरोप कोणी घेतलेला नसतो.

कायद्यानेही या प्रश्नाला स्पर्श केला आहे. कलकत्त्यातील एका कुटुंबात सेवेच्या पाळीवरून आणि कुलदेवतेची मूर्ती आपल्या घरी नेण्यावरून वाद झाला. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की मूर्ती ही इकडून तिकडे हलवावी अशी निव्वळ जंगम चीजवस्तू नव्हे. तिने कोठे राहावे याविषयी तिची स्वतःची इच्छा विचारात घेतली पाहिजे, आणि ती मांडण्यास निःस्वार्थी प्रतिनिधी हवा. ज्यांच्या देवळात कौल लावून, मूर्तीवरील पाकळी कोणत्या बाजूची पडते ते पाहून प्रसाद घेतला जातो, त्या आमच्या वाचकांस हा विचार नवा वाटणार नाही.

दुसरे उदाहरण तामिळनाडूतील पत्तूर येथील नटराजाचे. ही कांस्यमूर्ती १९७६ साली एका पडक्या शिवमंदिराच्या जागी जमिनीत सापडली, विकली गेली आणि अखेर लंडनला पोहोचली. १९९१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मंदिराचा हक्क मान्य केला. बाराव्या शतकातील दात्याचा धर्मसंकल्प मंदिराच्या रूपाने आजही अस्तित्वात आहे, हा त्या निर्णयाचा गाभा होता. मूर्ती परत आली. परंतु त्यानंतर ती दीर्घकाळ तिरुवारूरच्या सरकारी मूर्तिकेंद्रात कुलपाआड राहिली. तेथे ना पूजा, ना दर्शन. तात्पर्य, मालकीचा निकाल लागला म्हणजे नीतीचा निकाल लागतोच असे नाही.

आमच्या मते संग्रहालयाने मूर्तीसंबंधी मालकाची नव्हे, विश्वस्ताची भूमिका घ्यावी. विश्वस्ताच्या हाती ताबा असतो, पण तो दुसऱ्याच्या हितासाठी. यातून मांडणीविषयी तीन कर्तव्ये निघतात. पहिले, मूर्ती देवळातून दालनात कशी आली ते ओळखपाटीवर प्रांजळपणे सांगावे. जुन्या गोव्यात १९६४ साली स्थापन झालेल्या पुरातत्त्व संग्रहालयाच्या संग्रहात विष्णूच्या मूर्ती, वीरगळ आणि सतीशिळा आहेत, आणि पोर्तुगीज गव्हर्नरांची तैलचित्रेही आहेत. अशा दोन गोष्टी एका छपराखाली आल्या, की त्यांच्यामधला इतिहास मौन पाळून टाळता येत नाही. दुसरे, हात जोडणाऱ्यास हात जोडण्यापुरती मोकळी जागा असावी. तिसरे, मांडणी ठरविताना त्या देवतेच्या उपासकांस विचारावे. अमेरिकेतील नेवार्कच्या संग्रहालयात १९३५ सालापासून तिबेटी बौद्ध वेदी होती. तिच्या जागी उभारलेल्या नव्या वेदीची प्रतिष्ठा १९९० साली खुद्द दलाई लामांच्या हस्ते झाली. ब्रिटिश म्युझियमने २०२५ साली भारतीय धर्मांच्या प्राचीन कलेचे प्रदर्शन भरविले, तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैन उपासकांचे सल्लागार मंडळ सोबत घेतले. म्हणजे ही अपेक्षा अव्यवहार्य नाही.

मात्र आम्ही संग्रहालयाचे देऊळ करा असे म्हणत नाही. तेल, कुंकू आणि कापराची काजळी यांनी पुरातन मूर्तीची हानी होते, आणि अन्य धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या प्रेक्षकाचाही त्या दालनावर तितकाच अधिकार आहे. त्याने नमस्कार करावा असे नव्हे. येथे कोणी नमस्कार करीत असे, एवढे त्यास कळावे. ज्ञान आणि श्रद्धा यांत निवाडा देणे हे मांडणी करणाऱ्याचे काम नाही. दोघांचीही साक्ष नोंदविणे हे त्याचे काम होय.

शेवटी आपल्याविषयी. दुसऱ्यास विश्वस्तधर्म सांगणाऱ्याने स्वतःचा ताबा तपासला पाहिजे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने कोरीव खांब, रंगविलेल्या तक्तपोशी, झिजलेल्या पालख्या आणि बदललेल्या मूर्ती यांची किती ठिकाणी नोंदही न ठेवता विल्हेवाट लागते! जी वस्तू संग्रहालयात गेली तर आपण हळहळतो, तीच आपल्या देवळामागच्या पडवीत पावसात कुजली तर आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही. महाजनांनी आणि देवस्थान-समित्यांनी निदान एवढे तरी करावे: जीर्णोद्धाराचा ठराव करण्यापूर्वी प्रत्येक जुन्या वस्तूची छायाचित्रासह नोंदवही करावी, आणि सेवेतून निवृत्त झालेल्या वस्तूंसाठी एक कोरडी, कुलपाची, पण लोकांस पाहता येईल अशी खोली राखावी. तिच्या दारावर ती वस्तू कोणी दिली आणि देवाच्या कोणत्या सेवेत होती, ते लिहावे. हे ज्या देवस्थानांनी केले असेल, त्यांनाच संग्रहालयाकडे जबाब मागण्याचा नैतिक अधिकार पोहोचेल.