चावी देणारा हात

दसऱ्याच्या सकाळी गल्लोगल्ली गाड्या धुतल्या जातात. हँडलला झेंडूचा हार, हेडलाइटवर हळदी-कुंकू, चाकाखाली लिंबू. गाडी नवी असेल तर पहिली फेरी कोणी मारायची याची चर्चा होते आणि पुष्कळ घरांत ती फेरी दहावी-अकरावीतल्या मुलाच्या वाट्याला येते. आजोबा कौतुकाने बघतात, आई ‘हळू रे’ म्हणते, वडील चावी देतात. लायसनचा विषय निघत नाही. निघालाच तर ‘इथल्या इथे तर जातोय’ एवढ्यावर मिटतो.

मला या चावीबद्दल लिहायचं आहे. विनापरवाना गाडी चालवणाऱ्यांविषयी आपण खूप बोलतो. पोरं बेफाम झालीत, शिस्त राहिली नाही, पोलीस काही करत नाहीत. पण परवाना नसलेला माणूस रस्त्यावर येतो तेव्हा बहुतेक वेळा तो निर्णय आधीच दुसऱ्या कोणी तरी घेतलेला असतो: घरात वडिलांनी, शेतावर मालकाने, दुकानात शेठने, ढाब्यावर चहाला उतरलेल्या ड्रायव्हरने. त्या निर्णयाची पूर्ण किंमत आपल्याकडे कोणी मोजून दाखवत नाही.

1988चा मोटार वाहन कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. त्याचं तिसरं कलम सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायला परवाना सक्तीचा करतं. चौथं वयाची अट घालतं आणि पाचवं लगेच गाडीच्या मालकाकडे वळतं: परवाना नसलेल्याला गाडी चालवू देऊ नये. शिक्षेतही तेच. कलम 181 चालवणाऱ्याला लागतं आणि कलम 180 चालवू देणाऱ्याला. 2019च्या दुरुस्तीपूर्वी चालवणाऱ्याला जास्तीत जास्त 500 रुपये दंड होता आणि गाडी देणाऱ्याला 1000 रुपये. म्हणजे चावी देणाऱ्याचा दोष कायद्याने दुप्पट धरला होता. आता दोघांनाही 5000 रुपये दंड आहे. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर 2021पासून लागू झाले. शिवाय दोन्ही कलमांत तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

लोकांच्या लक्षात राहतो तो हा 5000चा आकडा. म्हणून लायसन नसण्याचा सगळा प्रश्न ‘चौकात मामा उभा आहे का’ एवढ्यापुरता उरतो. मामा दिसला तर आतल्या गल्लीने जायचं, पकडलंच तर ओळख काढायची. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की परवाना ही पोलिसाला दाखवायची वस्तू आहे असंच मुलं शिकतात. घरी विसरलेलं लायसन आणि नसलेलं लायसन यांतला फरकही मग त्यांना कळत नाही. विसरलेलं डिजिलॉकरमध्ये दाखवता येतं. नसलेलं कुठेच दाखवता येत नाही, आणि ते सर्वांत महाग पडतं जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात.

तिथला हिशेब एकदा मांडून बघू. समजा, सतरा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मोटारसायकलने एका वायरमनला उडवलं आणि तो गेला. वय 38, स्वतःचा धंदा, महिन्याची मिळकत 20,000 रुपये, घरी बायको, दोन मुलं आणि आई. भरपाई कशी काढायची याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2009च्या सरला वर्मा आणि 2017च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिली आहे. वर्षाचे 2,40,000 रुपये. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाची पुढे मिळकत वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के भर, म्हणजे 3,36,000. घरात चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. उरले 2,52,000. छत्तीस ते चाळीस वयासाठी गुणक 15. एकूण 37,80,000 रुपये. अंत्यविधीचा खर्च, कुटुंबाने गमावलेला सहवास आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज यावर वेगळं.

गाडीचा विमा असेल तर हे पैसे कंपनी भरते. पण गाडी चालवणाऱ्याकडे परवाना नसणं हा विम्याच्या अटींचा भंग आहे. स्वर्णसिंग प्रकरणात जानेवारी 2004मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर जो मार्ग काढला, तो न्यायाधिकरणं आजही बहुतांशी वापरतात. पीडित कुटुंबाला थांबवून ठेवायचं नाही, कंपनीने आधी पैसे द्यायचे. आणि मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली हे सिद्ध झालं, तर ती रक्कम कंपनीने त्या मालकाकडून वसूल करायची. वसुली कशी, तर न्यायाधिकरणाच्या दाखल्यावर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. हे वाक्य गावाकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. सातबारा, जप्ती, लिलाव. ज्या बापाने ‘दोन किलोमीटरचा तर प्रश्न आहे’ म्हणून चावी दिली, त्याच्या जमिनीपर्यंत हे प्रकरण येतं. गाडीचा विमाच नसेल तर मधे कंपनीही नसते, सगळा बोजा थेट त्याच्यावर.

चावी जबाबदारीने दिली होती का, याला न्यायालय किती महत्त्व देतं हे 1987च्या स्कँडिया इन्शुरन्सच्या निकालात दिसतं. प्रकरण गुजरातमधलं. ट्रकचा परवानाधारक ड्रायव्हर खायला आणायला उतरला, इंजिन चालू, ट्रक क्लीनरच्या हवाली. क्लीनरकडे परवाना नव्हता. त्याने ट्रक हलवला आणि अपघात झाला. कंपनी म्हणाली, आम्ही बांधील नाही. न्यायालयाने ते मानलं नाही, कारण मालकाने स्वतः ट्रक परवाना असलेल्या माणसाच्याच हाती दिला होता. ज्याने आपल्यापुरती काळजी घेतली त्याला कायद्याने वाचवलं. दसऱ्याच्या दिवशी मुलाला चावी देणाऱ्या वडिलांना हे संरक्षण मिळत नाही.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत 2019च्या दुरुस्तीने कलम 199-अ आणलं. अल्पवयीन मुलाने वाहतुकीचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंग लायसनसुद्धा नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे पालकाला म्हणता येतं, पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच. 19 मे 2024च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या आलिशान गाडीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला. जामिनासाठी मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, यावर देशभर संताप उसळला आणि तो रास्त होता. पण त्या संतापात चावीचा प्रश्न मागे पडला. आपण सगळे धनिकांच्या मुलावर बोललो. आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमधून क्लासला निघणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं त्या आठवड्यातही स्कूटरवरून जात होती.

त्यांच्या पालकांच्या मनात दोन गैरसमज पक्के असतात. पहिला असा की सोळाव्या वर्षी लायसन मिळतं. मिळतं, पण बिनगिअरच्या आणि 50 सीसीपर्यंतच्याच गाडीचं. आज घरोघरी असलेल्या स्कूटर 110 आणि 125 सीसीच्या आहेत, त्यांच्यासाठी अठरा पूर्ण लागतात. दुसरा असा की इलेक्ट्रिक गाडीला लायसन लागतच नाही. ज्या गाडीच्या मोटरची शक्ती 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आहे, तिलाच ही सूट आहे. नंबर प्लेट असलेल्या, साठ-सत्तरने पळणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरला नाही.

पैशाहून मोठी गोष्ट पुढची. अपघात झाल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत चालवणारा काय करतो यावर जखमीचा जीव अवलंबून असतो. जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे, कायद्याच्या कलम 134मध्ये तसं लिहिलेलं आहे. पण ज्याच्या खिशात परवाना नाही, त्याच्या मनात पहिला विचार पळण्याचा येतो. तो वाईट माणूस असतो असं नाही. थांबलो तर लायसन मागतील, बाबांचं नाव निघेल, मालक कामावरून काढेल, ही भीती त्याच्या अंगात आधीपासून बसलेली असते. परवाना असलेलेही पळतात, पण थांबण्याचं धैर्य ज्याच्याकडून अपेक्षावं त्याला आपण आधीच गुन्हेगार करून रस्त्यावर सोडलेलं असतं. आणि पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तर मृताच्या कुटुंबाला सरकारी योजनेतून मिळतात 2 लाख रुपये. मघाच्या त्या वायरमनच्या बायकोच्या हाती 37,80,000ऐवजी 2 लाख येतात.

चालवणाराच गेला तर? गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण ते वैध परवाना असलेल्या मालकालाच. नसेल तर त्याच्या घरच्यांना त्यातला रुपयाही मिळत नाही. गाडीच्या नुकसानीचा दावाही कंपनी नाकारते. न्यायालयाने एका बाबतीत मात्र न्याय राखला आहे. दुसऱ्याने येऊन ठोकलं तर ‘तुझ्याकडे लायसन नव्हतं म्हणून चूक तुझीही’ असं आपोआप धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्ये सुधीरकुमार राणा प्रकरणात म्हटलं. तरी समोरच्या पक्षाचा वकील तो मुद्दा काढायचा राहत नाही, आणि मुलाच्या आईला न्यायाधिकरणात बसून तो ऐकावा लागतो.

एवढा धोका असूनही लोक चावी का देतात? निव्वळ लाड म्हणून देणारे आहेत, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही. पण गावाकडचा प्रश्न वेगळा आहे. कनिष्ठ महाविद्यालय दहा-बारा किलोमीटरवर आणि एसटीची फेरी सकाळी एक, संध्याकाळी एक. नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 या संपाच्या काळात तीही नव्हती. त्या महिन्यांत कित्येक मुलांच्या हाती मोटारसायकल आली आणि मग ती हातातच राहिली. अशा बापाला दंडाची भीती घालून उपयोग नाही. त्याला फेरी हवी आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसने मुलींची शाळा वाचवली, तशी सोय तालुक्यातल्या प्रत्येक मार्गावर मागणं हा रस्ता सुरक्षेचाच भाग आहे असं मी मानतो.

उसाच्या पट्ट्यातही हेच. शेतात ट्रॅक्टर चालवायला परवाना लागत नाही, बांध ओलांडून डांबरीवर आलं की लागतो. चौदाव्या वर्षापासून नांगरट करणाऱ्या पोराला हा फरक कोणी सांगत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की तोच मुलगा रात्री दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघतो. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, उसाची टोकं बाहेर लोंबताहेत, ट्रॉली चढाला मागे सरते. ट्रॅक्टर त्याला उत्तम येतो. समोरून येणाऱ्या बसच्या हेडलाइटमध्ये काय करायचं, वळणावर ट्रॉली बंद पडली तर मागच्यांना कसं सावध करायचं, हे शेतात शिकता येत नाही.

आणि परवान्याची पत आपण सगळ्यांनी मिळून घालवली हेही कबूल करायला हवं. एजंटला पैसे दिले की आठचा आकडा न काढताही पास होता येतं, हे जोवर लोकांच्या अनुभवाचं आहे तोवर ‘लायसनने काय होतं, हात साफ पाहिजे’ हे म्हणणं खोडता येत नाही. बायकांनी तर वर्षानुवर्षं ओळखपत्र म्हणून लायसन काढून ठेवलं आणि गाडीला हात लावला नाही. यावर उपाय परीक्षा खरी करण्याचा आहे. नीट आखलेल्या ट्रॅकवर, कॅमेऱ्यासमोर चाचणी झाली की नापास होणारे वाढतात आणि ओरड होते. ती ओरड सहन केली पाहिजे. दुसरीकडे, अनुभवी चालकांना बाहेर ठेवणाऱ्या निरर्थक अटी काढायलाही हव्यात. मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी आठवी पासची अट होती, ती केंद्राने 2019मध्ये काढली. ट्रकवर अर्धं आयुष्य घालवलेल्या क्लीनरला परवान्यापर्यंत येण्याची वाट त्याने मोकळी झाली.

एक गट असा आहे की ज्याला आपण विनापरवाना गाडी चालवतोय हेच ठाऊक नाही. 2019पूर्वी काढलेल्या खासगी गाडीच्या लायसनची मुदत वीस वर्षं किंवा वयाची पन्नास, यांपैकी जे आधी येईल तिथे संपते. म्हणजे पन्नाशी ओलांडलेले कितीतरी सभ्य, कायदा पाळणारे गृहस्थ मुदत संपलेल्या कार्डावर रोज ऑफिसला जातात. मुदत संपून वर्ष उलटलं की नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि दरम्यान अपघात झाला तर विमा कंपनी कार्डावरची तारीख आधी बघते.

केंद्राच्या नियमांनुसार एका प्रकारच्या गाडीसाठी लर्निंगपासून पक्क्या लायसनपर्यंतचं सरकारी शुल्क साधारण 700 रुपये होतं. लर्निंगनंतर तीस दिवस थांबावं लागतं आणि त्या काळात शेजारी परवानाधारक माणूस असावा लागतो. तो माणूस तुम्ही व्हा. घरात मूल अठराचं झालं असेल तर पेढ्यांबरोबर त्याचा अर्ज भरा. झालं नसेल तर चावी कपाटात ठेवा आणि क्लासला स्वतः सोडून या. ड्रायव्हर, क्लीनर, डिलिव्हरीचा पोऱ्या, ज्याच्या ज्याच्या हाती तुमची गाडी जाते, त्याचं लायसन सणाची सुट्टी संपायच्या आत मागून बघा. तारीख वाचा. स्वतःच्या कार्डावरचीही.