प्रमेयाच्या आधीची ओळ

अर्थशास्त्रात पीएच.डी.ला आलेल्या विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी एका जाडजूड पुस्तकात जातं. मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन या तिघांनी लिहिलेलं हे पुस्तक १९९५ मध्ये आलं. पानं हजाराच्या घरात. पहिल्याच प्रकरणात जो माणूस भेटतो त्याला ना नाव, ना गाव. त्याच्यापुढे पर्याय आहेत, कोणत्याही दोहोंत त्याला डावं-उजवं करता येतं, आणि कॉफीपेक्षा चहा व दुधापेक्षा कॉफी बरी वाटत असेल तर दुधापेक्षा चहा बरा वाटलाच पाहिजे, एवढीच त्याची ओळख. ‘यात खरा माणूस कुठे आहे?’ असं वर्गात कोणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. पण मला या विषयाचं मोल नेमकं इथेच दिसतं: आपण काय गृहीत धरलं आहे, हे तो निष्कर्षाआधी लिहून देतो.

एक सिद्धता जवळून पाहू. खुल्या स्पर्धेतला समतोल कार्यक्षम असतो, हे प्रसिद्ध प्रमेय आहे. उत्पादन बाजूला ठेवून नुसती देवाणघेवाण धरू. समजा, बाजाराने केलेल्या वाटणीपेक्षा सरस अशी दुसरी वाटणी शक्य आहे: कोणाचंच नुकसान नाही आणि एकाचा तरी फायदा. ज्याचा फायदा, त्याला तो नवा वाटा चालू भावात परवडत नसणार. परवडता तर त्याने तोच घेतला असता. बाकीच्यांचे नवे वाटेही त्यांच्या जुन्या वाट्यांपेक्षा स्वस्त असणार नाहीत. आता सगळ्यांची बेरीज करा. नव्या वाटणीचं मोल समाजाकडच्या एकूण मालापेक्षा जास्त भरतं. म्हणजे तेवढा माल नव्हताच, आणि ती वाटणीही शक्य नव्हती. संपलं.

इतकी छोटी सिद्धता वाचून अंगावर काटा येतो, आणि तिथेच घात होतो. परीक्षा तोंडावर असते, मुलं सिद्धता घोटतात, तिच्या आधीची ओळ नजरेआड होते. त्या ओळीत असतं की भाव कोणा एकाच्या हातात नाहीत, ज्याची म्हणून फिकीर त्या प्रत्येक गोष्टीला बाजार आहे, मालाचा कस सर्वांना ठाऊक आहे, आणि थोडं अधिक मिळालं तर कोणालाही हवंच आहे. शिवाय ‘कार्यक्षम’ या शब्दात न्याय येत नाही. काही जण उपाशी आणि काही जण ऐषारामात, अशी स्थितीही या अर्थाने कार्यक्षम असू शकते, हे अमर्त्य सेन यांनी १९७० मध्येच स्वच्छ मांडलं होतं.

त्या जाडजूड पुस्तकाच्या सतराव्या प्रकरणात तर या शास्त्राने स्वतःचीच मर्यादा सिद्ध केली आहे. सोनेनशाइन, मँटेल आणि डेब्रू यांनी १९७२ ते १९७४ या काळात दाखवलं की प्रत्येक ग्राहक कितीही विवेकी धरला, तरी सगळ्यांच्या मागणीची बेरीज कशी वळेल याबद्दल जवळजवळ काहीच ठामपणे सांगता येत नाही. समतोल एकच असेल आणि भाव आपोआप तिथे पोहोचतील, याची हमी गेली. विशेष म्हणजे समतोल असतो, हे १९५४ मध्ये अ‍ॅरोंच्या साथीने सिद्ध करणाऱ्यांत हेच डेब्रू होते. आपल्याच इमारतीचा पाया किती भार पेलेल हे इतक्या उघडपणे सांगणाऱ्या विद्येबद्दल मला मनापासून आदर आहे. ‘बाजार सगळं ठरवेल’ असं भाषणात ठोकून देणाऱ्यांनी हे प्रकरण वाचलेलं नसतं.

एखादी अट काढून टाकली की काय होतं, हे पाहायचं तर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९७० चा तेरा पानी लेख वाचावा. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. जुन्या मोटारींच्या बाजारात कस फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतो, म्हणून चांगली गाडी बाजारातून उठते, हे त्यातलं उदाहरण सर्वांना माहीत आहे. पण त्याच लेखात भारतातला गावचा सावकारही आहे. त्याचं व्याज शहरातल्या बँकेपेक्षा कितीतरी चढं, कारण कोणतं कूळ पैसे फेडेल हे त्याला कळतं. बाहेरचा कोणी स्वस्तात कर्ज द्यायला आला तर त्याच्या गळ्यात नेमकी बुडवी कुळं पडतात. त्या जाड पुस्तकात माहितीची ही विषमता कामगार आणि मालक यांच्या मॉडेलमधून शिकवली जाते. सावकार मागे राहतो.

पुण्याच्या गोखले संस्थेत किंवा गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत शिकणाऱ्यांनी तो परत आणावा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सावकाराला कुळाची पत ठाऊक होती, इथवर मॉडेल साथ देतं. पण अमेरिकेतली यादवी संपून कापसाची तेजी ओसरल्यावर कर्ज मिळेनासं झालं, सारा वाढला, आणि १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत आखडल्यामुळे व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. यातलं काय माहितीच्या विषमतेत बसतं, काय मक्तेदारीत, आणि कशासाठी कोर्टकचेरीच मॉडेलमध्ये आणावी लागेल? हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या गृहपाठात यावा, आणि उत्तराची पहिली ओळ गृहीतकांची असावी.