तळ्याकाठी, भाड्याने

माणसाने उघड्यावर झोपावे की नाही, याबद्दल आमच्या घरात तीन पिढ्यांची तीन मते आहेत. माझे वडील उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपत, कारण घरात उकडे. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसातून पंखा आणला आणि जाहीर केले, की यापुढे या घरातला कोणीही माणूस उघड्यावर झोपणार नाही. आणि गेल्या डिसेंबरात आमच्या चिरंजीवांनी माणशी पंधराशे रुपये भरून अख्ख्या कुटुंबाची उघड्यावर झोपायची सोय केली.

"बाबा, पवना लेक! तळ्याकाठी तंबू! सगळा स्ट्रेस जातो."

मला स्ट्रेस नाही असे मी सांगून पाहिले. पण हल्ली तो नसणे हेही त्याचेच लक्षण मानतात. तेव्हा आम्ही निघालो.

निसर्गाच्या सान्निध्यात जाताना माणूस घरातले काय काय बरोबर नेतो, हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आमच्या हिने चादरी, थर्मास, डासांचे मलम, अमृतांजन आणि "असावा" म्हणून एक मोरीतला तांब्याही घेतला. चिरंजीवांनी मोबाइल चार्ज करायच्या तीन डब्या घेतल्या. वसईहून मावळात जायला लागतात तीन-साडेतीन तास, त्यातला निम्मा वेळ घोडबंदर रस्त्यानेच घेतला. तिथे आमच्या पुढेही एक गाडी होती आणि तिच्या टपावर तंबू होता. त्यांनी तो तिथेच ठोकला असता तरी चालले असते.

पण तळे मात्र खरोखर सुंदर. समोर तिकोना, पलीकडे तुंग, मागे लोहगड-विसापूर, आणि मधे हे एवढे निळेशार पाणी. काठावर नारिंगी तंबूंची रांग, एखाद्या लग्नात पंगत बसावी तशी. निसर्गाची शांतता सगळ्यांना एकदम ऐकू जावी म्हणून लाउडस्पीकर लावला होता. तंबूत शिरायचे ते रांगत. रांगायची सवय सुटून मला साठ वर्षे झाली होती. मी शिरलो तो उलटा, आणि मग वळता येईना. सूनबाईंनी पाय धरून बाहेर काढले. नमस्कार केला असे लांबून पाहणाऱ्यांना वाटले असेल.

रात्री शेकोटीशी बसलो असताना त्याच सूनबाईंनी अगदी साधेपणाने विचारले, "बाबा, तुमची वसई इतकी हिरवीगार होती म्हणतात. मग तिथे असं एखादं तळं नव्हतं?"

"होतं की," मी म्हणालो आणि पुढचे वाक्य सापडेना म्हणून तंबूची चेन लावायला गेलो. चेन लागलेलीच होती.

आता तुम्हांला सांगायला हरकत नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत, वाडीवाडीत बावखल असे. बावखल म्हणजे तळे म्हणायला लहान आणि विहीर म्हणायला मोठे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे, आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. काठावर रहाट. त्याच पाण्यावर केळी, पानवेली, मोगरा. शिवाय खंड्या पक्षी, मासे आणि पहिल्या पावसात बेडकांचा असा काही कल्लोळ, की तंबूवाल्यांचा लाउडस्पीकर लाजून बंद पडावा. वडिलांची बाज असायची ती या बावखलाच्या काठीच. म्हणजे लहानपणी मी दर उन्हाळ्यात तळ्याकाठी उघड्यावर झोपत होतो, दोन्ही वेळच्या जेवणासकट, फुकट. फक्त त्याला कॅम्पिंग म्हणतात हे कोणी सांगितले नव्हते. आम्ही त्याला गरिबी समजत होतो.

ते बावखल 1996 साली मी बुजवले. मी म्हणजे बिल्डरने, पण कागदावर सही माझी आहे. चार दिवस डंपर येत होते. बदल्यात दोन फ्लॅट मिळाले, मुलाचे शिक्षण झाले. सगळे बुजवत होते. डासही होते. सात-बाऱ्यावर नाव आमचे होते. बेडकांचे नव्हते. कायद्याने माझी बाजू इतकी भक्कम आहे, की गेली कित्येक वर्षे मी ती रोज रात्री स्वतःपुढे मांडतो आणि रोज जिंकतो. रोज जिंकावे लागते, एवढीच काय ती अडचण.

शेजारच्या मावशींची विहीर पुढच्या काही उन्हाळ्यांत मचूळ झाली. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी दारी टँकर मागवायला सुरुवात केली आणि मी फ्लॅटच्या गॅलरीतून तो येताना पाहायचो. आपल्या मालकीच्या जागेत आपण काहीही करावे, हे तत्त्व म्हणून मला अजूनही पटते. पण पाणी माझ्या जागेत साठत होते आणि मुरत होते मावशींच्या विहिरीत, याला काय करायचे? पाण्याला सात-बारा वाचता येत नाही.

शेकोटीत लाकूड सारायला तंबूवाल्याचे वडील आले होते. सत्तरीपुढचे, डोक्याला मफलर. बोलता बोलता म्हणाले, "तिकडं खाली आमचं शेत व्हतं." मी अंधारात वळून पाहिले. खाली म्हणजे पाण्यात. धरण झाले ते पन्नास वर्षांपूर्वी. वाघेश्वराचे दगडी देऊळसुद्धा पाण्यात आहे. ते उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते आणि लोक दर्शनाला जातात. मग पाऊस लागला की देव पुन्हा बुडतात.

"मग हे पाणी तुमच्या शेताला?" मी विचारले.

"पिंपरी-चिंचवडला," ते म्हणाले. त्या पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध 9 ऑगस्ट 2011ला मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. हे त्यांनी सांगितले नाही, मला पेपरातून आठवले. पंधराशे रुपयांत ते बसत नसावे.

"तुमच्याकडं पाणी कुठलं?" त्यांनी विचारले.

"सूर्येचं. धामणी धरणाचं."

"तिथं कुणाची शेतं गेली?"

काय सांगणार? आदिवासींच्या शेतीसाठी म्हणून ते धरण बांधले आणि त्यातले पाणी नळाने आमच्या वसई-विरारला येते, हे मला ठाऊक होते. पण घरी नळ सोडताना आठवत नाही. आठवले तर दाढी होणार नाही.

"बाबा, झोपायचं ना?" चिरंजीवांनी हाक मारली. मी रांगत आत गेलो, या वेळी सरळ.

झोप मात्र लागली नाही. स्पीकर दहाला बंद झाला आणि मग पाणी ऐकू यायला लागले, काठाशी चुळुक चुळुक. अगदी आमच्या बावखलासारखे. मी मनातल्या मनात म्हाताऱ्याची नि माझी तुलना करीत पडलो होतो. त्यांचे शेत पाण्याखाली गेले, माझे पाणी घराखाली गेले. दोघेही आता भाड्याच्या तळ्याकाठी. इथपर्यंत हिशेब अगदी बरोबरीत सुटत होता आणि मला जरा बरेही वाटत होते. पण त्यांना कोणी विचारले नव्हते. मला विचारले होते. चांगला चहा पाजून, खुर्ची देऊन विचारले होते. "झोपलात का?" हिने पलीकडून विचारले. मी म्हटले, "हो." त्यावर ती म्हणाली, "मला ते रहाटाचं आठवतंय." लग्न होऊन आली तेव्हा तिने ते बावखल पाहिलेले होते. सही करताना तिलाही मी विचारले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

सकाळी चिरंजीवांनी सगळ्यांचा तळ्यासह फोटो काढला. निघताना म्हाताऱ्यांनी हिला वाडीतल्या वालपापडीच्या शेंगा दिल्या. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, "असू द्या, इकायला न्हाई ठिवल्या."

हे झाले डिसेंबरात. आता पाऊस लागला आहे. 2018च्या जुलैत वसई-विरार पाण्यात गेले, नालासोपाऱ्याला गाड्या अडकल्या. तेव्हापासून आमच्या सोसायटीने पावसाचा धसकाच घेतला आहे. परवा रात्री पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साठले आणि त्यात बेडूक आले. बरोबर बावखलाची जागा. इतक्या वर्षांत त्यांनी पत्ता बदललेला नाही. सूनबाई टॉर्च घेऊन खाली गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "बाबा, या ना बघायला! किती गोड आवाज आहे!"

काल सेक्रेटरी आले होते. मोठा पंप घ्यायचा ठराव आहे, वर्गणी घरटी दोन हजार. त्यांनी कागद पुढे केला. मी चष्मा शोधण्यात पाच मिनिटे घालवली. तो डोळ्यांवरच होता. मग सही केली. ती मला पूर्वीपासून चांगली जमते.