माउलींच्या पाठीवरचे वळ

पैठणची कथा आपण सारे कीर्तनात ऐकत आलो आहोत. शुद्धिपत्रासाठी भावंडे तेथे आली असता कोणी थट्टेने पखालीच्या रेड्याकडे बोट दाखविले, ‘याचेही नाव ज्ञाना!’ रेड्याला आसूड मारले आणि वळ उठले ते माउलींच्या पाठीवर. मग रेडा वेद बोलला. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे. पुष्कळांनी दर्शन घेतले असेल. आम्ही कीर्तनकार वेदांपाशी आवाज चढवितो आणि वळांची गोष्ट घाईने उरकतो. आज त्या वळांविषयीच बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी मी गावच्या देवळात मुलांना हरिपाठ शिकवीत असे. त्यांत एक दहा वर्षांचा मुलगा होता. कान इतका तल्लख, की चाल एकदा ऐकली की गळ्यात बसली. पण पुस्तक हाती दिले की ‘घ’चा ‘ध’ होई, ‘भ’चा ‘म’ होई, जोडाक्षर आले की गाडी अडे. मला वाटले, पोरगा कामचुकार आहे. एके दिवशी चार मुलांदेखत त्याला ‘रेड्या’ म्हणालो आणि हातावर छडी ओढली. तो रडला नाही. दुसऱ्या दिवसापासून यायचा मात्र थांबला.

आठ दिवसांनी त्याची आई आली. म्हणाली, “बुवा, ह्याला काही बाहेरची बाधा असंल. अंगारा द्या, पंढरीला नवस बोलते.” मीही अंगारा देणारच होतो! शेजारच्या शिक्षकांनी मला थांबविले. म्हणाले, “बुवा, ही बाधा नव्हे अन् आळसही नव्हे. बुद्धी शाबूत आहे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालणे ह्याच्या मेंदूला जड जाते, म्हणून वाचन अडते.” याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे २१ प्रकार दिले आहेत त्यांत ही आहे. शासनमान्य रुग्णालयात तपासणी होऊन दाखला मिळाला, तर परीक्षेत जादा वेळ आणि गरज असल्यास लेखनिक मिळतो. माउलींनो, नवसाआधी हा दाखला काढा.

मग नामाचे काय? नाम घेतल्याने अक्षरे सरळ होतात असे मी म्हणणार नाही, आणि असे म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. भ्यालेल्या मुलाला समोरचे अक्षर दिसत नाही. ते भय घालविणे आपल्या हाती आहे. दिंडीत कोणी गुण विचारीत नाही. लहानाच्या पायाही थोर पडतो. मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्या पाया पडलो. तो गोंधळला, रीतीप्रमाणे माझ्याही पाया पडला. तेथून आमचा अभ्यास पुन्हा सुरू झाला.

शिक्षकांनी सांगितलेली रीत पाहून मला हसू आले. ती तर आपल्या आजोबांची धुळाक्षरे! ताटात बारीक वाळू पसरायची, बोटाने अक्षर गिरवायचे, गिरविताना त्याचा आवाज तोंडाने काढायचा. हात, कान, डोळा तिघे मिळून शिकतात. जोडाक्षर त्याला टाळीवर कळले : ‘विठ्’ ही एक टाळी, ‘ठल’ ही दुसरी. पाठ असलेलाच अभंग वाचावयास घेतला, पण तेथे एक खोड निघाली. कागदाकडे न पाहता पोरगा धडाधड म्हणून मोकळा! तेव्हा शब्द चिठ्ठ्यांवर लिहून मिसळू लागलो. रोज पाव तास, अधिक नाही. दोन वर्षे लागली. घाई करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

कित्येक आईबाप ‘शाळा जमत नाही, बुवा तरी होईल’ म्हणून मुलाला आळंदीस सोडतात. जोग महाराजांनी १९१७ साली तेथे वारकरी शिक्षण संस्था काढली ती ज्ञानेश्वरी-गाथेच्या अभ्यासासाठी. तेथेही पोथी वाचावीच लागते. अडचण मुलाच्या सोबत जाते, आणि तिचे नाव माहीत नसले तर छडीही सोबत जाते.

गेल्या आषाढीला तो मुलगा आमच्या दिंडीत होता. विसाव्याला त्याने कागदाची पट्टी ओळीखाली धरून एक पान वाचले. मध्ये एका शब्दापाशी अडला. चहा निवत होता, पुढची दिंडी निघाली होती. कोणी शब्द पुरविला नाही, कोणी उठलेही नाही. त्याने मांडीवर हलकेच दोन टाळ्या वाजविल्या आणि पुढचा शब्द वाचला.