आधी खराटा आपल्या हाती



मागच्या महिन्यात आमच्या हट्ट्याच्या दुकानातला १९ वर्षांचा मुलगा काम सोडून गेला. आमचे हे म्हणाले, "आजकालच्या पोरांना बोललेलं सहनच होत नाही." मलाही तसंच वाटलं. मग गाडगेबाबा आठवले.

बाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. गावात आले की ते हुकूम सोडत नसत, स्वतः खराटा घेऊन रस्ता झाडायला लागत. ते पाहून लोकही हात लावत. रात्री कीर्तनात बाबा प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत.

आणि आम्ही? उशीर झाला म्हणून त्याला गिऱ्हाइकांसमोर रागावलो, कारण एकदाही विचारलं नाही. परवा हे त्याच्या घरी गेले तेव्हा कळलं, आई आजारी आहे, सकाळचा स्वयंपाक तोच करतो. पोरगा अजून परतलेला नाही. चूक आमचीच.

ज्यांच्या हाताखाली तरुण मुलं आहेत, त्यांनी एवढं पाळून पाहा: काम आधी स्वतः करून दाखवा, चूक एकांतात सांगा आणि रागावण्याआधी विचारा. हीसुद्धा गुरुसेवाच आहे.

जय गुरुदेव! 🌸