रणगाड्यातले पोलीस

वर्तमानपत्रातलं परदेशी बातम्यांचं पान सहसा कुणी वाचत नाही. आमच्या हिंगोलीत या पानाला मागणी आहे, पण ती भजी बांधायला. मी मात्र हे पान आधी वाचतो. एक तर त्यात हळदीचे भाव नसतात, त्यामुळे सकाळी सकाळी जीव खालीवर होत नाही. आणि दुसरं म्हणजे, तेच काम आपण केलं तर काय म्हणायचं आणि दुसऱ्यानं केलं तर काय म्हणायचं, हे शिकवणारं इतकं स्वस्त पाठ्यपुस्तक दुसरं नाही.

आता बघा. बातमी पाठवणाऱ्याचं ज्या देशाशी बरं असतं तिथे 'सरकार' असतं. ज्याच्याशी बिनसलंय तिथे 'राजवट' असते. सरकार 'स्पष्ट करतं', राजवट 'दावा करते'. आपल्या बाजूचा माणूस 'हुतात्मा होतो', पलीकडचा 'ठार होतो', आणि ज्याचा मनापासून राग आहे त्याला 'कंठस्नान घातलं जातं'. मरणापुढे सगळे सारखे, असं आपण कीर्तनात ऐकतो. पण कीर्तनकाराला मथळा द्यायचा नसतो. 'मरण पावले' हा साधा, बिचारा शब्द आम्ही एसटीच्या अपघातासाठी राखून ठेवला आहे.

माणसांचं सोडा, दिशांचंही तेच. 'मध्यपूर्वेत तणाव' हा मथळा मी लहानपणापासून वाचत आलो. तुम्ही सकाळी हिंगोलीच्या बसस्थानकावर उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. इराक, सीरिया, इस्राएल ही सगळी मंडळी तुमच्या पाठीमागे येतात. समोर येतं ते पुसद-उमरखेड. मथळ्यात जावा असा तणाव तिथे रोज असतो, असं काही ऐकिवात नाही. मग हे पूर्वेकडचं मधलं गाव कुणाच्या पूर्वेला? तर लंडनच्या! तो शब्द लंडनच्या ओट्यावर बसून बोलतो आणि आपण हिंगोलीच्या ओट्यावर बसून मान डोलावतो. आपल्या परराष्ट्र खात्याच्या कागदात मात्र 'पश्चिम आशिया' असतं. सरकारला निदान दिशा तरी कळतात, एवढा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

ही माझी विद्वत्ता ऐकून आमचे शेजारी एकदा म्हणाले, "सर, कामून एवढा कीस पाडता? शब्दानं काय होतंय? मेला तो मेलाच की!"

मी त्यांना फक्त त्यांच्या बांधाबद्दल विचारलं. ताबडतोब त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "त्यानं यंदा पुन्हा बांध कोरला बघा." मी विचारलं, "आणि मागच्या साली तुम्ही?" ते म्हणाले, "मी कुठं कोरला? मी नुसता सरळ करून घेतला."

झालं! सगळं आंतरराष्ट्रीय राजकारण या दोन वाक्यांत आलं. समोरचा बांध कोरतो, आपण सरळ करतो. नांगर तोच, माती तीच, हातभर जमीनही तीच. फरक फक्त क्रियापदाचा.

खरं म्हणजे ही गोष्ट आम्हां मराठवाड्यातल्या लोकांना कुणी शिकवायला नको. कारण एके काळी आम्ही स्वतःच परदेशी बातमी होतो. पुण्याकडची मंडळी आमच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. मोगल कधीचे गेले, निजाम येऊन सव्वादोनशे वर्षं झाली, तरी नाव मोगलाईच; आणि 'इथं काय मोगलाई लागलीय का?' हे अजूनही कुणी कुणाला ऐकवतं तेव्हा आमच्या काळजाला थोडं लागतंच.

मग आलं १९४८ साल. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं, १७ तारखेला निजामानं युद्धबंदी जाहीर केली. एवढीशी पाच दिवसांची हकीगत, पण तिची नावं मोजा. आमच्यासाठी तो 'मुक्तिसंग्राम'. दिल्लीसाठी 'पोलीस कारवाई'. परदेशी वर्तमानपत्रांत 'आक्रमण'. उर्दूत 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचं पतन. निजामाच्या बाजूनं आधीच सुरक्षा परिषदेत तक्रार गेली होती. तिथे त्याचं नाव 'हैदराबाद प्रश्न'. आणि लष्कराच्या कागदात 'ऑपरेशन पोलो', म्हणजे चक्क खेळ!

यातला 'पोलीस' हा शब्द मला फार आवडतो. सोलापूरच्या बाजूनं चिलखती डिव्हिजन निघाली, रणगाडे निघाले, वरून विमानं आली. आणि या सगळ्या लवाजम्याचं नाव पोलीस! आमच्या गावातल्या पोलिसाला साधी सायकल मिळायची मारामार.

पण गंमत बाजूला ठेवली तर हा शब्द मोठा हुशार आहे. सैन्य जातं ते परक्या देशात. पोलीस येतात ते आपल्याच घरात. हैदराबाद हा वेगळा देश आहे की भारताचाच भाग, हाच तर मुळात वाद होता. रणगाडा हद्दीवर पोहोचायच्या आधी शब्दानं तो निकालात काढून टाकला.

शब्द आपला स्वदेशीही नव्हता. १९४७ साली डचांनी इंडोनेशियात फौजा घातल्या त्याला त्यांनी 'पोलीस कारवाई' म्हटलं, तेव्हा भारतानंच ऑस्ट्रेलियाबरोबर तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला होता. वर्षभरानं तोच शब्द आपण घरी वापरायला काढला. १९५० मध्ये कोरियातल्या लढाईचं हेच नाव अमेरिकेच्या ट्रूमनसाहेबांनी मान्य केलं. आणि २०२२ साली रशियानं युक्रेनमध्ये फौजा घातल्या ती 'विशेष लष्करी कारवाई'. तिला युद्ध म्हणणाऱ्यालाच तिथे पोलिसांनी धरलं. म्हणजे अखेर खरेखुरे पोलीस आले, तेही एका शब्दासाठी.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यांत खरा शब्द कुठला? आमच्या ओट्यावरून विचाराल तर 'मुक्तिसंग्राम'. 'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ नुसता स्वयंसेवक. पण त्या स्वयंसेवकांनी गावोगाव जी लूट केली, घरं जाळली, माणसं मारली, त्यानंतर आमच्याकडे ती शिवी झाली. त्या जाचातून सुटलेल्या माणसाला 'मुक्ती' हा शब्द कोशात शोधावा लागला नाही. दर १७ सप्टेंबरला झेंडा लागतो तेव्हा मीही तोच शब्द म्हणतो, आणि म्हणत राहणार.

पण त्याच पाच दिवसांच्या पुढेमागे आणखी काही घडलं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं १९४८ अखेरीस संस्थानभर हिंडून अहवाल दिला. कारवाईच्या वेळी आणि नंतर निदान २७ ते ४० हजार माणसं, बहुतेक मुसलमान, मारली गेली असा तिचा अंदाज होता. सगळ्यांत वाईट हाल झालेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचं नांदेड होतं. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीत तो लोकांना पाहायला मिळू लागला.

इतकी वर्षं तो कुठे होता, याचं एक उत्तर सरकारी कपाट. दुसरं उत्तर म्हणजे तो शब्द. 'पोलीस कारवाई' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? पंचनामा, दोघातिघांना अटक, जामीन. त्यात हजारो प्रेतं मावतच नाहीत. मग ती कुणी विचारतही नाही. आणि 'मुक्ती' म्हटल्यावर तर, मुक्तीच्या दिवशी कुणाच्या घरी सुतक असेल, हे सुचतच नाही. आमच्या गल्लीतली मुसलमान म्हातारी माणसं 'पोलीस ॲक्शन' हे दोनच शब्द म्हणत आणि गप्प होत. आम्हीही तेच शब्द म्हणत असू, पण आमचं त्यापुढे भाषण सुरू होई.

कुणाचाच नसलेला शब्द शोधून काढावा, असं काही लोकांना वाटतं. मला तो आजवर मिळालेला नाही. बोलणारा कुठे तरी उभा असणारच. मात्र एक स्वस्त उपाय मी करतो. परदेशी पानावरची बातमी वाचून झाली की दोन्ही पक्षांच्या नावांची अदलाबदल करतो आणि पुन्हा वाचतो. 'राजवटीनं दावा केला' आपल्या दिल्लीला लावून बघतो, 'कंठस्नान' आपल्या माणसांना. जिथे घास अडकतो तिथे बांध कोरलेला आहे, असं समजायचं.

शेजाऱ्यांना हा उपाय पटला. म्हणाले, "सर, देशांचं ठीक आहे. पण माझ्या बांधावर तेवढा लावू नका."