राखणीची अक्षरं

शांत बसा. श्वास सावकाश होऊ द्या.

कोलकात्याची ट्राम मनात आणा. चाकांचा खडखडाट, घंटा, बाहेरचा गलका. शेजारची मराठी बाई फोनवर सांगते आहे, 'माझी धाकटी मुलगी आली.' एखादा शब्द आवाजात बुडतो. तरी पलीकडे कळतं.

ते वाक्य मनात सावकाश म्हणा. माझी. धाकटी. मुलगी. आली. तीच 'ई' चारदा. आता 'मुलगी' पुसून टाका. 'माझी धाकटी… आली.' मुलगा नव्हे, मुलगी, हे उरलंच ना? बाकीच्या 'ई'नी अर्थ राखला. बंगालीत क्रियापद हा भेद दाखवत नाही. त्या भाषेच्या राखणी निराळ्या.

इथे थोडं थांबा.

क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये माहितीला माप दिलं. अनिश्चितता जितकी ओसरली, तितकी माहिती. नाणेफेकीचा कौल कळला, म्हणजे एक बिट. जे ठाऊकच होतं, त्यात शून्य. या मापाने पुढच्या तिन्ही 'ई' नवं जवळजवळ काहीच सांगत नाहीत. मग त्या वाया गेल्या का? उत्तराची घाई करू नका.

ट्राममधून उतरा. चहाच्या ठेल्यावर क्यूआर कोड चिकटवलेला आहे, थोडा खरचटलेला. त्याच्या कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनांलगत 15 घरं आहेत. उरलेलं चित्र कसं वाचायचं, हे त्यातली फक्त 5 घरं सांगतात. 10 राखणीला. त्या 5 घरांमुळे 15 घरांच्या 32 खुणा बनतात, आणि कुठल्याही दोन खुणा निदान 7 घरांत वेगळ्या असतात. म्हणून 3 घरं चुकीची वाचली, तरी खूण आपल्याच मूळ रूपाच्या जवळ राहते आणि ओळखू येते.

खुणांची ही रचना गणितज्ञ राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी 1960 मध्ये मांडली. फ्रान्सच्या ऑकांगेम यांना ती स्वतंत्रपणे 1959 मध्ये सापडली होती. बोस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडले, राय-चौधुरी कलकत्ता विद्यापीठात शिकले. चूक सावरता येईल इतकं अंतर खुणांमध्ये कसं राखायचं, याची गणिती रीत त्यांनी दिली.

पुन्हा त्या बाईकडे या. ती आता तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगते आहे. तिने वाटेतला खडखडाट ओळखला आहे.

तुम्हालाही घरचं कुणी एकच गोष्ट दोनदा सांगत असेल. आज ती दुसऱ्यांदाही पूर्ण ऐका.